यंत्रमानव स्पर्धा : विद्यार्थी संघाने संगणक भाषा कशी निवडावी?

विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव स्पर्धांमध्ये एक दृश्य दरवर्षी हमखास पाहायला मिळते. शिट्टी वाजते, घड्याळ सुरू होते आणि अनेक महिने खपून तयार केलेला यंत्रमानव जागचा हलत नाही. चाके, मोटारी, विजेच्या तारा सर्व काही ठीक असते. दोष आज्ञावलीत असतो आणि ती लिहिणारा विद्यार्थी आदल्या वर्षीच उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेला असतो. मागे राहिलेल्या सदस्यांना ती वाचता येत नाही, त्यामुळे दुरुस्त करता येत नाही.

नवा संघ उभा राहताना किंवा नव्या हंगामाची तयारी सुरू करताना पहिला वाद बहुधा संगणक भाषेवरून होतो. सी++ वेगवान म्हणून एक गट तिचा आग्रह धरतो, पायथन सोपी म्हणून दुसरा गट तिच्या बाजूने उभा राहतो, तर मार्गदर्शक शिक्षकांना स्वतःला येणारी भाषाच योग्य वाटते. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य असते. मात्र सामन्याच्या दिवशी भाषेच्या वेगापेक्षा वेगळ्याच गोष्टीला महत्त्व येते. समोर आलेला दोष संघातील किती जणांना शोधता येतो, हीच ती गोष्ट होय. भाषेची निवड याच निकषावर का व्हावी, याचा हा आढावा.

स्पर्धांचे स्वरूप

शालेय स्तरावर या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ या स्पर्धेत होते. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर येथे पहिली स्पर्धा झाली. त्या वेळी २८ संघ होते. आता दरवर्षी ३,००० हून अधिक संघ या स्पर्धेत उतरतात. मुंबईतील शालेय विद्यार्थ्यांच्या संघांनीही तीत भाग घेतलेला आहे. दरवर्षी जानेवारी महिन्यात नवा खेळ जाहीर होतो. सामना सुमारे अडीच मिनिटांचा असतो. सुरुवातीचे काही सेकंद यंत्रमानव केवळ आज्ञावलीच्या आधारे हालचाल करतो आणि त्यानंतर विद्यार्थी चालक त्याचा ताबा घेतात.

भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना ‘रोबोकॉन’ ही स्पर्धा अधिक परिचयाची आहे. एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनच्या वतीने २००२ पासून ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरविली जाते. भारतातील राष्ट्रीय फेरी दूरदर्शनच्या पुढाकाराने होते. पुण्याजवळील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात ही फेरी अनेक वर्षे होत असे, पुढे ती दिल्लीत होऊ लागली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद भारताने २००८ आणि २०१४ मध्ये पुणे येथे, तर २०२२ मध्ये नवी दिल्ली येथे भूषविले. २००८ चा खेळ दहीहंडीवर आणि २०२२ चा खेळ लगोरीवर आधारित होता.

या दोन स्पर्धांमधील एक फरक भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘फर्स्ट’च्या स्पर्धेत सर्व संघांना एकच मुख्य नियंत्रक वापरावा लागतो आणि त्यासाठी ठरावीक भाषांना अधिकृत पाठबळ मिळते. रोबोकॉनमध्ये नियंत्रक निवडण्याचे स्वातंत्र्य संघाला असते. त्यामुळे तेथे भाषेचा प्रश्न नियंत्रकाच्या प्रश्नाबरोबरच सोडवावा लागतो.

आधी नियंत्रक, मग भाषा

यंत्रमानवाच्या नियंत्रकाची क्षमता पाहिल्याशिवाय भाषेचा विचार करण्यात अर्थ नसतो. शाळांमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा आर्डुइनो उनो हा फलक त्याचे उत्तम उदाहरण आहे. आर्डुइनोचा उगम २००५ मध्ये इटलीतील इव्रेया येथे झाला. उनो फलकावरील मायक्रोकंट्रोलर १६ मेगाहर्ट्झ वेगाने चालतो. आज्ञावली साठविण्यासाठी त्यात ३२ किलोबाइट, तर चालू कामासाठी अवघी २ किलोबाइट स्मृती असते. एवढ्या जागेत पायथनचा अर्थ लावणारी यंत्रणा मावत नाही. मायक्रोकंट्रोलरसाठी खास तयार केलेल्या मायक्रोपायथन या संक्षिप्त आवृत्तीलाही सुमारे २५६ किलोबाइट आज्ञावलीसाठी आणि १६ किलोबाइट चालू कामासाठी लागतात. त्यामुळे उनो फलक घेतला की भाषा जवळपास ठरूनच जाते. आर्डुइनोची भाषा म्हणून जी ओळखली जाते, ती मुळात सी++ च आहे. सोयीची काही तयार कार्ये तिच्या जोडीला दिलेली असतात.

रोबोकॉनमधील संघ बराच काळ एव्हीआर प्रकारचे मायक्रोकंट्रोलर वापरत असत. पुढे एसटीएम३२ सारखे अधिक शक्तिमान मायक्रोकंट्रोलर प्रचारात आले. तेथेही सी आणि सी++ या भाषांचाच वरचष्मा राहिला. प्रतिमा ओळखण्यासाठी कॅमेरा जोडायचा झाल्यास रास्पबेरी पाय किंवा जेटसन यांसारखा छोटा संगणक यंत्रमानवावर बसविला जातो आणि त्यावर पायथन सहज चालते. अशा यंत्रमानवात दोन भाषा एकत्र नांदतात. मोटारींचे काम सी++ कडे आणि दृष्टीचे काम पायथनकडे, अशी विभागणी अनेक संघ करतात. यंत्रमानवांसाठीची ‘रॉस’ ही प्रणालीदेखील प्रामुख्याने याच दोन भाषांना आधार देते.

‘फर्स्ट’च्या स्पर्धेतही नियंत्रकाबरोबर भाषा बदलत गेल्या. २००९ मध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा सीरिओ हा नियंत्रक आला तेव्हा लॅबव्ह्यू आणि सी++ हे पर्याय होते. काही काळातच त्यांत जावाची भर पडली. २०१५ च्या हंगामापासून रोबोरिओ हा नियंत्रक वापरात आला. पायथनचा वापर काही संघ स्वयंसेवकांच्या मदतीने बऱ्याच आधीपासून करीत होते. तिला अधिकृत भाषेचा दर्जा मात्र २०२४ च्या हंगामात मिळाला. २०२७ च्या हंगामापासून रोबोरिओची जागा नवा नियंत्रक घेईल, असे ‘फर्स्ट’ने जाहीर केले आहे. नियंत्रक बदलला की अधिकृत भाषांची यादीही बदलू शकते. म्हणून मागील वर्षाच्या माहितीवर विसंबून न राहता चालू हंगामाची नियमावली पाहूनच संघाने निर्णय घेणे श्रेयस्कर ठरते.

प्रमुख भाषांचे गुण-दोष

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत विकसित केली. तिच्यावर आधारलेली सी++ ही भाषा ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी तयार केली व ती १९८५ मध्ये बाहेर आली. लहानात लहान मायक्रोकंट्रोलरपासून मोठ्या संगणकापर्यंत ती सर्वत्र चालते. स्मृतीवर तिचे थेट नियंत्रण असते आणि वेगाच्या बाबतीत ती आघाडीवर आहे. मात्र स्मृतीच्या चुकीच्या जागेला हात लागल्यास आज्ञावली अचानक बंद पडते आणि चूक कोठे झाली, याचा स्पष्ट संदेश पुष्कळदा मिळत नाही. नवशिक्या विद्यार्थ्याला असा दोष शोधण्यास तास न् तास लागू शकतात. मोठी आज्ञावली यंत्रभाषेत रूपांतरित होण्यास लागणारा वेळही दोन सामन्यांमधील मोजक्या मिनिटांत अडचणीचा ठरतो.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेम्स गॉस्लिंग यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाली आणि १९९५ मध्ये जाहीर झाली. प्रत्येक संख्येचा आणि वस्तूचा प्रकार आधी सांगावा लागत असल्याने पुष्कळशा चुका यंत्रमानवावर आज्ञावली चढविण्यापूर्वीच लक्षात येतात. उर्वरित चुकांच्या बाबतीत कोणत्या ओळीवर काय घडले, याचा बऱ्यापैकी सुबोध तपशील मिळतो. स्मृती मोकळी करण्याचे काम भाषा स्वतःच करते. त्या कामासाठी ती मधूनच क्षणभर थांबते, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप आहे.

पायथन ही भाषा गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. तिची वाक्यरचना आटोपशीर असून पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याला काहीतरी करून दाखविता येते. परंतु ज्या चुका जावा किंवा सी++ आधीच पकडतात, त्यांपैकी अनेक चुका पायथनमध्ये ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत दडून राहतात. सामन्याच्या अखेरच्या २० सेकंदांतच चालणाऱ्या भागात एखाद्या नावाचे स्पेलिंग चुकले असेल, तर ती चूक नेमकी त्याच वेळी उघड होते. यावर उपाय म्हणजे चाचण्या. ‘फर्स्ट’च्या स्पर्धेतील पायथन व्यवस्था यंत्रमानवावर आज्ञावली चढविण्यापूर्वी चाचण्या चालवून पाहते, ती याच कारणासाठी.

लॅबव्ह्यू ही नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९८६ मध्ये आणलेली चित्रमय पद्धत आहे. तीत ओळी लिहिण्याऐवजी चौकटी जोडून आज्ञावली तयार होते. विद्युत मंडलांची सवय असलेल्या विद्यार्थ्यांना ती चटकन समजते. तथापि दोघांनी एकाच आराखड्यात केलेले बदल एकत्र करणे तीत कठीण जाते. मजकुराच्या भाषांत दोन आवृत्त्यांमधील फरक ओळीनुसार पाहता येतो, तो सोयीचा मार्ग येथे तितकासा उपलब्ध नसतो. लहान मुलांच्या स्पर्धांमध्ये वापरल्या जाणाऱ्या ठोकळ्यांच्या भाषांनाही हीच मर्यादा आहे. अर्थात प्राथमिक आणि माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना तर्काची ओळख करून देण्यासाठी त्या निश्चितच उपयुक्त आहेत.

वेग किती महत्त्वाचा?

‘फर्स्ट’च्या स्पर्धेतील प्रचलित रचनेत मुख्य आज्ञावलीचे एक आवर्तन दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा होते. सेकंदाला ३ मीटर वेगाने धावणारा यंत्रमानव एका आवर्तनात ६ सेंटीमीटर अंतर कापतो. स्मृती मोकळी करण्यासाठी जावा ५० मिलिसेकंद थांबली, तर तेवढ्या वेळात तो १५ सेंटीमीटर पुढे जाईल. हा आकडा ऐकून सी++ चा आग्रह धरला जाणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात चित्र थोडे वेगळे आहे. मोटारीचा वेग अचूक राखण्याचे सर्वांत घाईचे काम मुख्य आज्ञावली करीतच नाही. ते मोटारीजवळ बसविलेला स्वतंत्र नियंत्रक करतो. या प्रकारचे अनेक नियंत्रक दर मिलिसेकंदाला एकदा, म्हणजे मुख्य आज्ञावलीच्या २० पट वेगाने वेग मोजून दुरुस्ती करतात. मुख्य आज्ञावली फक्त ‘किती वेग हवा’ एवढेच सांगते. त्यामुळे तिची भाषा काहीशी मंद असली तरी चाकांच्या नियंत्रणावर मोठा परिणाम होत नाही. प्रतिमा ओळखण्याचे कामही बहुधा वेगळ्या संगणकाकडे सोपविलेले असते.

कॅलिफोर्नियातील दोन नामांकित संघांची उदाहरणे या संदर्भात बोलकी आहेत. सॅन होजे येथील २५४ क्रमांकाच्या ‘चीझी पूफ्स’ संघाने २०१८ च्या हंगामातील आपली आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. ती जावात लिहिलेली होती. माउंटन व्ह्यू येथील ९७१ क्रमांकाच्या ‘स्पार्टन रोबोटिक्स’ संघाने मात्र सी++ मध्ये स्वतःची संपूर्ण व्यवस्था उभी केली आहे. दोन्ही संघ स्पर्धेतील अग्रगण्य संघांमध्ये गणले जातात. दोघांच्या भाषा भिन्न असल्या, तरी आपली आज्ञावली वर्षानुवर्षे जपण्याची आणि नव्या सदस्यांना ती शिकविण्याची पद्धत दोन्हीकडे आहे.

भाषेपलीकडचे दोष

नवशिक्या संघांमध्ये वारंवार आढळणारे अनेक दोष कोणत्याही भाषेत घडू शकतात. आज्ञावलीला ‘दोन सेकंद थांब’ असे सांगणे हा त्यांतील सर्वांत परिचित दोष होय. त्या दोन सेकंदांत यंत्रमानव चालकाचे काहीच ऐकत नाही. संवेदकाने भिंत जवळ आल्याची सूचना दिली तरी ती वाचली जात नाही. यावर उपाय म्हणजे थांबण्याऐवजी प्रत्येक आवर्तनात घड्याळ पाहणे आणि यंत्रमानव सध्या कोणत्या अवस्थेत आहे, याची नोंद ठेवणे. ही शिस्त सी++ मध्ये जितकी आवश्यक आहे, तितकीच पायथनमध्येही आहे.

काही दोष मात्र भाषेच्या स्वभावातून निर्माण होतात आणि ते माहीत असणे हिताचे असते. एकास दोनने भागल्यास पायथनच्या सध्याच्या आवृत्तीत उत्तर ०.५ येते. सी, सी++ आणि जावा या भाषांत दोन्ही संख्या पूर्णांक असल्यास तेच उत्तर शून्य येते. पायथन शिकून आलेल्या विद्यार्थ्याने जावात ‘अर्धा वेग’ असा हिशेब लिहिला आणि यंत्रमानव हललाच नाही, तर कारण बहुधा येथे सापडते.

दुसरे उदाहरण संख्येच्या मर्यादेचे आहे. आर्डुइनो उनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि तो जास्तीत जास्त ३२,७६७ पर्यंत मोजू शकतो. चाकाच्या एका फेऱ्यामागे १,००० ठोके देणारा मापक बसविला आणि चाकाचा व्यास १० सेंटीमीटर असला, तर सुमारे १० मीटर अंतर गेल्यावर ही मर्यादा ओलांडली जाते. त्यानंतर आकडा एकदम ऋण होतो आणि यंत्रमानव मागे गेला, असा समज आज्ञावली करून घेते. छोट्या खोलीत घेतलेल्या सरावात हा दोष कधीच दिसत नाही, मैदानात दिसतो. जावात साधा पूर्णांक नेहमी ३२ बिटांचा असतो, तर पायथनमध्ये पूर्णांकाला अशी ठरावीक मर्यादाच नसते. सी++ मध्ये मात्र ती मर्यादा नियंत्रकानुसार बदलते.

एरियानचा धडा

याच ३२,७६७ या आकड्याने एकदा अवकाश प्रक्षेपकाचा घात केला होता. ४ जून १९९६ रोजी युरोपच्या एरियान-५ प्रक्षेपकाचे पहिलेच उड्डाण सुमारे ४० सेकंदांत अपयशी ठरले. दिशा मोजणाऱ्या यंत्रणेतील एक मोठी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसविण्याचा प्रयत्न झाला आणि ती त्यात मावली नाही. यंत्रणा बंद पडली, प्रक्षेपक मार्गावरून ढळला आणि नष्ट झाला.

ती आज्ञावली एडा या भाषेत लिहिलेली होती. सुरक्षिततेची विशेष काळजी घेणारी म्हणून एडाची ख्याती आहे. दोष भाषेचा नव्हता. तो भाग आधीच्या एरियान-४ प्रक्षेपकाच्या आज्ञावलीतून जसाच्या तसा घेण्यात आला होता. एरियान-४ च्या उड्डाणात ती संख्या मर्यादेत राहत असे. नव्या प्रक्षेपकाचा मार्ग वेगळा असल्याने ती मर्यादेबाहेर गेली. विशेष म्हणजे ज्या गणितात ही चूक झाली, त्याची उड्डाणानंतर एरियान-५ ला गरजच नव्हती.

विद्यार्थी संघांची स्थिती याहून फारशी वेगळी नसते. मागील वर्षाची आज्ञावली उचलून नव्या यंत्रमानवावर चढविण्याची प्रथा सर्वत्र आहे आणि वेळेच्या दृष्टीने ती आवश्यकही आहे. परंतु ती का तशी लिहिली आहे, हे सांगणारे कोणी संघात उरले नसेल, तर उत्तमात उत्तम भाषाही उपयोगी पडत नाही.

दरवर्षी बदलणारा संघ

व्यावसायिक कंपनीत आज्ञावली लिहिणारी व्यक्ती अनेक वर्षे त्याच कामावर असू शकते. विद्यार्थी संघाला ही सोय नसते. शाळेत नववीत आलेला विद्यार्थी बारावीनंतर जातो. अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिले वर्ष शिकण्यात आणि शेवटचे वर्ष प्रकल्प व नोकरीच्या शोधात जाते. प्रत्यक्ष कामाची जेमतेम दोन वर्षे हाती राहतात. एकट्या हुशार विद्यार्थ्याला प्रिय असलेली, परंतु संघात दुसऱ्या कोणालाही न येणारी भाषा निवडली, तर तो विद्यार्थी गेल्यानंतर संघ पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. त्याहून वाईट म्हणजे तो असतानाही इतरांना शिकण्याची संधी मिळत नाही.

म्हणूनच अवतीभवतीच्या अभ्यासक्रमाकडे पाहणे महत्त्वाचे ठरते. अमेरिकेत महाविद्यालयपूर्व संगणकशास्त्राच्या ‘एपी’ परीक्षेत २००३-०४ या शैक्षणिक वर्षापासून सी++ ची जागा जावाने घेतली. तेथील शालेय संघांमध्ये जावा रुजण्यास हे एक मोठे कारण आहे. विद्यार्थी संघात येतानाच तिची थोडीफार ओळख घेऊन येतात, मार्गदर्शक मिळतात आणि अडचण आल्यास उदाहरणे मुबलक सापडतात.

भारतात ही स्थिती मंडळागणिक बदलते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पूर्वी सी++ शिकविली जात असे, आता तेथे पायथन आहे. आयएससी मंडळाच्या शाळांमध्ये जावा शिकविली जाते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या उच्च माध्यमिक संगणकशास्त्रात दीर्घकाळ सी++ चा समावेश राहिला. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी अनेक ठिकाणी सी भाषेपासून सुरुवात होते. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानांतर्गत २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांपर्यंत मायक्रोकंट्रोलर पोहोचले आहेत. अशा पुढील ५०,००० प्रयोगशाळा सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. या शाळांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना कोणती भाषा आधीच परिचित असेल, याचा अंदाज घेऊन संघ आपला निर्णय अधिक सुजाणपणे घेऊ शकतो.

निवडीची पद्धत

संघाने पुढील क्रमाने विचार केल्यास वाद बराच कमी होतो.

प्रथम चालू हंगामाची नियमावली आणि नियंत्रक पाहावा. जी भाषा नियंत्रकावर चालत नाही किंवा जिला अधिकृत पाठबळ नाही, ती नव्या संघाने बाजूला ठेवावी.

त्यानंतर संघात आणि मार्गदर्शकांमध्ये कोणाला काय येते, याची प्रामाणिक मोजणी करावी. ‘येते’ याचा अर्थ ‘दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचून तीत बदल करता येतो’ असा घ्यावा. यंदा बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे या मोजणीतून वगळावीत. उरलेल्या यादीत जी भाषा किमान तिघांना येते किंवा थोड्या काळात येऊ शकते, तिला प्राधान्य द्यावे.

तिसरी बाब तयार साधनांची. मार्ग आखणे, सामन्यातील नोंदी पुन्हा पाहणे, कॅमेऱ्यावरून स्थान ओळखणे यांसाठी तयार आज्ञावली-संच उपलब्ध असतात. मात्र प्रत्येक संच प्रत्येक भाषेत असतोच असे नाही. ‘फर्स्ट’च्या स्पर्धेतील संघांनी वापरलेला ‘अ‍ॅडव्हांटेजकिट’ हा नोंदी ठेवणारा संच जावासाठी तयार झालेला आहे. हव्या असलेल्या साधनाची भाषा आधी पाहिल्यास ऐन हंगामात होणारी ओढाताण टळते.

चौथी बाब प्रत्यक्ष चाचणीची. दोन भाषांमध्ये निर्णय होत नसेल, तर दोन्हींत एकच छोटे काम लिहावे. उदाहरणार्थ, यंत्रमानवाने दोन मीटर पुढे जाऊन थांबणे. मग त्या आज्ञावलीत मुद्दाम एक चूक घालून ती न लिहिलेल्या सदस्याकडे द्यावी. एका मोटारीची दिशा उलट करणे एवढीही चूक पुरेशी आहे. दहा मिनिटांत ज्या भाषेतील चूक अधिक सदस्यांना सापडेल, ती भाषा त्या संघासाठी योग्य समजावी. स्पर्धेच्या दिवशी संघावर येणारी वेळ याहून वेगळी नसते.

भाषा बदलायची झाल्यास त्यासाठी हंगामाबाहेरचे महिने निवडावेत. मागील वर्षीचा यंत्रमानव मोडून न टाकता तो नव्या भाषेत पुन्हा चालवून पाहावा. त्या यंत्राचे वागणे संघाला परिचित असते, त्यामुळे नव्याने उद्भवलेला दोष आज्ञावलीतच आहे, असे बहुतांशी खात्रीने म्हणता येते. नवे यंत्र आणि नवी भाषा एकाच वेळी हाती घेतल्यास दोष कोठे आहे, हे ठरविण्यातच हंगाम संपून जातो.

निवडीनंतरची जबाबदारी

भाषा ठरल्यानंतर संघाचे खरे काम सुरू होते. प्रत्येक बदलाची नोंद राहील अशा व्यवस्थेत आज्ञावली ठेवणे, कोणती मोटार कोणत्या क्रमांकावर जोडली आहे याची यादी एकाच ठिकाणी लिहिणे, मापे मीटरमध्ये आहेत की इंचांत हे नावातच स्पष्ट करणे आणि एखादा विचित्र वाटणारा आकडा का निवडला, हे शेजारी एका ओळीत लिहून ठेवणे, या सवयींना कोणत्याही भाषेत पर्याय नाही. ही टिपणे मराठीत, हिंदीत किंवा विद्यार्थ्यांना सहज समजेल अशा कोणत्याही भाषेत लिहिता येतात. आज्ञावलीतील टिपणे यंत्र वाचत नाही, ती पुढच्या विद्यार्थ्यासाठी असतात.

सामन्याच्या आधी तंबूत यंत्रमानव उघडा पडलेला असतो. पुढच्या सामन्याची हाक केव्हाही येऊ शकते आणि संगणकाच्या पडद्यावर दोषाचा संदेश झळकत असतो. त्या वेळी पडद्यासमोर बसलेला विद्यार्थी मुख्य आज्ञावलीकार असेलच, याची शाश्वती नसते. तो अकरावीतील नवखा सदस्यही असू शकतो. त्याला तो संदेश वाचता आला आणि चुकीची ओळ सापडली, तर संघाने भाषा योग्य निवडली असे म्हणता येईल.